वरून पाच, खालून चार

४ मार्च, सोमवार

काकांच्या खुर्चीत आज दुसरं माणूस बसलं. इथले माझे जोडीदार काका निवृत्त झाल्यापासून तीन महिने ती खुर्ची मी भिंतीशी लावून ठेवली होती, तिच्यावर माझी शाल आणि एक मोडका कीबोर्ड. सकाळी पोहोचले तर शाल घडी करून माझ्या टेबलावर, कीबोर्ड कपाटात, आणि खुर्चीत ही. तिशीचीही नसेल. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मी आजपासून तुमच्याबरोबर."

बावीस वर्षं मला इथे सगळे मॅडम म्हणतात. मी हिची ताई कधीपासून झाले?

दुपारी मोठे डॉक्टर स्वतः जिना उतरून खाली आले. एरवी आमच्या तळघरात ते फोननेच येतात. म्हणाले, "फार गुणाची आहे हो ही. सांभाळून घ्या." तेव्हा या वहीत तिचं नाव गुणाची. खरं नाव लिहायला मी शाई घालवणार नाही.

वही ह्यांनी दिली आहे. म्हणाले, "मनातलं इथे लिहीत जा, म्हणजे मला निवांत जेवता येईल."

६ मार्च, बुधवार

ह्यांना बावीस वर्षांत माझं काम कळलेलं नाही. कोणी विचारलं तर सांगतात, "दोन फोटो एकावर एक ठेवते." तसं ते खोटं नाही म्हणा. कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडायचे तर त्यांचा हिशोब सीटीवर होतो, पण गाठ बऱ्याचदा सीटीत दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. दोन्ही चित्रं वेगळ्या दिवशी, वेगळ्या मशीनवर घेतलेली, माणूस दर वेळी वेगळा आडवा पडलेला. ती हाडावर हाड ठेवून जुळवायची. आम्ही त्याला फ्यूजन म्हणतो. जुळवण्यात पाच मिलिमीटर सरकलं तर किरण गाठीला सोडून भलत्याच जागी लागतात, आणि मशीन बिचारं काही बोलत नाही.

मी एका डोक्याला वीस मिनिटं घेते. गुणाचीने आज नव्या सॉफ्टवेअरवर तीन मिनिटांत बसवलं. मी भिंगाचा चौकोन (तो फिरवला की खालचं चित्र दिसतं) कानापासून कानापर्यंत फिरवला. कुठे फट नाही. "बरं आहे," म्हणाले. हिरव्या वहीत तिने काहीतरी टिपून घेतलं. मग विचारते, "ताई, तुम्ही कवटीच्या कुठल्या हाडापासून सुरुवात करता?"

तेही टिपून घेतलं. माझ्याविरुद्ध कागद जमवायला चालू झालेली दिसते.

७ मार्च, गुरुवार

आज पाठीचा रुग्ण होता. मणक्यांचं काम सगळ्यात फसवं. डोकं दुसऱ्या डोक्यावर चुकीचं बसलं तर आंधळ्यालाही कळेल, पण मणके सगळे भाऊभाऊ. शेजारच्या मणक्यावरही चित्र झकास बसतं आणि कोणाच्या बापाला कळत नाही. म्हणून आमच्या फॉर्मवर दोन ओळी आहेत. एकाने वरून, शेवटच्या बरगडीपासून खाली मोजत यायचं. दुसऱ्याने खालून, जिथे मणके संपून एकसंध हाड सुरू होतं तिथून वर (कमरेचे मणके पाच, म्हणून खालून मोजताना पाच, चार, तीन). दोन्हींचा मणका एकच आला तर पुढे जायचं.

काका वरून मोजायचे, मी खालून. शिवाय त्यांची एक युक्ती होती. फॉर्मवर पहिल्याने आकडा लिहिला की दुसऱ्याचा हात आपोआप तोच लिहितो. म्हणून दोघांनी आधी चिठ्ठीवर आकडा लिहून घडी घालायची, खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत टाकायची, आणि मग दोन्ही एकदम उघडायच्या. बावीस वर्षांत दोनदाच आकडे वेगळे निघाले. काका म्हणतात तीनदा.

गुणाचीला मी दोन ओळी दाखवल्या. डबीचं सांगितलं नाही. ते आमचं होतं. आधी मी खालून मोजून फॉर्म भरला, मग तिने वरून मोजून भरला. आकडा जुळला.

१२ मार्च, मंगळवार

नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि अजून झोंबताहेत.

सकाळच्या बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर गुणाचीचं कौतुक केलं. एका आजोबांचा जबडा जुळत नव्हता. हिने शोधून काढलं की सीटीच्या वेळी त्यांची कवळी तोंडात होती आणि एमआरआयला काढून ठेवली होती, म्हणून खालचा जबडा सरकलेला. "असं डोळ्यांत तेल घालून बघणारं माणूस हवं," म्हणाले. वर दोनदा म्हणाले.

ते मलाही कळलं असतं. कवळीची केस मी अकरा वर्षांपूर्वी पकडली होती. मी तसं म्हणालेही, पण त्याच वेळी कोणीतरी खुर्ची ओढली.

जेवताना मी हे सगळं सांगत होते. ह्यांनी शांतपणे पाणी प्यायलं आणि म्हणाले, "तुला ती पोरगी आवडलेली दिसते. तिच्याशिवाय दुसरा विषय नाही."

मी वाढलेलं ताट ठेवून उठले.

१४ मार्च, गुरुवार

सांगायला लाज वाटते, पण ही वही आहे तरी कशाला. आज जेवणाच्या सुट्टीत मी तिची आतापर्यंतची सगळी फ्यूजन उघडून बघितली. नऊ. भिंगाचा चौकोन एकेका मिलिमीटरने फिरवला. एक तरी चूक सापडू दे, एवढंच मागत होते.

एका केसमध्ये मानेजवळ हाड जरासं दुहेरी दिसलं. हायसं वाटलं. नाव बघितलं तर ती माझी होती, चुकून यादीत आलेली. तसा तो फरक चालण्याइतकाच म्हणा.

१९ मार्च, मंगळवार

आज एक गंमत झाली.

कपडे शिवणाऱ्या एक बाई सीटीसाठी आल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झालेला, बऱ्या झाल्या, आता कमरेच्या एका मणक्यात एकच डाग. पाच डोस द्यायचे आहेत. तो डाग आत्ताच जाळला तर ठीक, वाढला तर मणका खचेल आणि पायांची ताकद जाईल, असं मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. बाईंचं मशीन पायाने चालवायचं. शाळेचे अर्धे गणवेश कापून पडलेत आणि दहा मिनिटांवर बसवत नाही, असं सांगत होत्या. तक्रार म्हणून नाही हो, दुकान का बंद आहे ते सांगावं तसं.

तर त्या टेबलावर आडव्या पडून गुणाचीकडे बघत होत्या. हिच्या अंगात चौकड्यांचा शर्ट. बाई म्हणाल्या, "राग नसेल तर एक सांगू? तुमचा खिसा चुकलाय."

गुणाचीने खाली बघितलं. "चुकलाय? रेघा तर जुळल्यात."

"रेघा जुळणारच. चौकड्यांचं कापड कुठेही ठेवा, जुळतं. एक घर खाली लागलाय खिसा. जवळून बघून नाही कळायचं. खांद्यापासून मोजा. इकडे आठ घरं, तिकडच्या खिशाला नऊ. शिवणाऱ्याने नुसती कड बघून लावला, वरून मोजलं नाही."

गुणाचीने खरंच मोजलं. खांद्यापासून, बोट ठेवून. आठ आणि नऊ. कानापर्यंत लाल झाली. मला इतकं बरं वाटलं की बाईंना मी स्वतः हात देऊन उठवलं आणि दारापर्यंत सोडायला गेले. निघताना त्या गुणाचीला म्हणाल्या, "शर्ट द्या मला, उसवून लावून देते. हाताने करेन, त्याला बसावं लागत नाही."

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांनाही हसू आलं. खिशाला नाही, मला हसले बहुतेक.

२१ मार्च, गुरुवार

शिवणवाल्या बाईंचा एमआरआय झाला. नुसत्या कमरेचा, लहानसा तुकडा. वर बरगड्यांपर्यंत काही नाही. अहवालात 'कमरेचा चौथा मणका'. जाताना त्या गुणाचीचा शर्ट पिशवीत घालून घेऊन गेल्या म्हणे. रुग्णांना कामं सांगते आता.

मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. मी उचलला तर म्हणतात, "ती आहे का?" नाही म्हटल्यावर, "बरं, बाईंचा किरणांचा प्लॅन उद्यापर्यंत हवा, मंगळवारी सुरू करू. दोघी मिळून करा." दोघी मिळून. बावीस वर्षांनंतर मला जोडीदारीण लागते.

गुणाची वर दुसऱ्या विभागाला आमचं सॉफ्टवेअर दाखवायला गेली होती. दाखवण्याचं काम अर्थातच तिला. मी ठरवलं, ती यायच्या आत उरकायचं. सीटीवर खालून मोजलं, पाच, चार. एमआरआयमधला चौथा त्याच्यावर ठेवला. असा बसला की बघत राहावं. खालच्या टोकाला जरा धूसर होतं, पण टोकाला नेहमीच असतं. चौदा मिनिटं लागली. बघा म्हणावं.

फॉर्मवर माझी ओळ भरली. वरची ओळ रिकामी होती. चार म्हणजे चार, वरून मोजा की खालून मोजा. तिथेही चार लिहिलं आणि दोन्हीकडे सही केली. मग प्लॅन माझ्या नावाने बंद केला.

ती आली तेव्हा मी चहा पीत बसले होते.

२२ मार्च, शुक्रवार

मोठ्या डॉक्टरांनी प्लॅनवर सही केली. "झालं का? छान," एवढंच. कवळीला दोन वाक्यं आणि मला दीड शब्द.

दुपारी गुणाचीने फॉर्म हातात धरून विचारलं, "ताई, वरची ओळ तुम्हीच भरलीत?"

"हो. तू नव्हतीस."

"मी एकदा मोजून बघू का? माझ्या सरावासाठी."

"सराव दुसऱ्या कशावर कर. हा प्लॅन झालाय."

तिने फॉर्म जागेवर ठेवला. नंतर बराच वेळ तिच्या पडद्यावर एक सीटी उघडा होता, कोणाचा ते मी बघितलं नाही. माझ्याकडे बघायची आणि परत पडद्याकडे. मला सोसवेना, मी मशीनच्या खोलीत जाऊन बसले. परत आले तेव्हा ती निघून गेली होती.

२४ मार्च, रविवार

काकांना फोन केला. निवृत्त झाल्यापासून बागेत रमलेत. मी तासभर मन मोकळं करायच्या बेतात होते, तर तेच म्हणाले, "तुझी ती नवीन मुलगी शुक्रवारी बोलली माझ्याशी. चांगली वाटली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुमचा नंबर तिला कोणी दिला?"

"ऑफिसमधून घेतला म्हणाली. विचारत होती, आकडे वेगळे आले तर तुम्ही दोघं काय करत होता. मी डबीचं सांगितलं. अगं, तू तिला डबी दाखवलीच नाहीस?"

मी म्हटलं, "विसरले."

"विसरलीस?" काका म्हणाले. मग टोमॅटोला कीड लागल्याचं सांगायला लागले.

खुर्ची घेतली, डॉक्टर घेतले, आता काकाही. माझ्याजवळ ठेवलंय तरी काय हिने? ह्यांना म्हटलं, "तुमचाही नंबर मागेल ती एखाद्या दिवशी." ह्यांनी पेपरमधून मान वर केली नाही.

२५ मार्च, सोमवार

सकाळी सगळ्यात आधी जाऊन डबी काकांच्या टेबलावरून उचलली आणि माझ्या बॅगेत टाकली. आत काहीतरी सरकलं, जुनी एखादी चिठ्ठी असेल. असू दे. मी ती घरी ठेवणार आहे. मोडली तरी चालेल पण तिला मिळता कामा नये.

गुणाची आली, टेबलाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काही लक्षातच न आल्यासारखी बसून राहिले. थोड्या वेळाने जवळ येऊन विचारते, "ताई, कमरेत कधी सहा मणके असतात का?"

आता हा प्रश्न माझ्या आवडीचा. मी म्हटलं, असतात की, बऱ्याच जणांत असतात. पाचाच्या खाली एक अर्धवट मणका, ना धड सुटा ना धड खालच्या हाडाला जोडलेला. एक जण त्याला मणका धरतो, दुसरा धरत नाही, आणि सगळी मोजणी एकाने घसरते. कागदावर चित्र काढून दाखवलं. दहा मिनिटं बोलले असेन. खरं सांगायचं तर मजा आली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्याशी बोलताना दात आवळलेले नव्हते.

"मग अशा वेळी काय करायचं, ताई?"

"म्हणून तर दोघांनी दोन टोकांकडून मोजायचं."

"हो ना," ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली. डोळे भरून आल्यासारखे वाटले. इतकंही काही भावनेचं नव्हतं त्यात. मग म्हणाली, "मी मोठ्या डॉक्टरांशी बोलले तर तुम्हाला चालेल?"

"तू तर रोजच बोलतेस. माझी परवानगी कधीपासून लागायला लागली?"

ती वर गेली. मी मागोमाग, पाण्याच्या मशीनपर्यंत. डॉक्टरांच्या दारापाशी उभी राहिली, हात वर केला, आणि न वाजवताच परत फिरली. नाटकं आहेत सगळी.

संध्याकाळी मशीनवाल्याने सांगितलं की शिवणवाल्या बाईंची उद्याची वेळ नऊवरून साडेअकरा केली. "तुमच्या नव्या मॅडमनीच सांगितलं की." मला कुठे विचारलं? हिच्याच काहीतरी सोयीसाठी असणार.

२६ मार्च, मंगळवार

जसं घडलं तसं लिहिते.

शिवणवाल्या बाई साडेदहालाच आल्या. घरी पडून राहण्यापेक्षा इथे पडते म्हणाल्या. गुणाची मशीनच्या खोलीत होती, म्हणून त्यांनी शर्ट माझ्याकडे दिला. घडी उलगडून पुढ्यात धरला. "लावला नीट. आता कुठूनही बघा. खांद्यापासून मोजा, दोन्हीकडे आठ."

मी सहज मोजायला लागले. खांद्याच्या शिवणीवर बोट ठेवलं, एक, दोन, तीन. वरून खाली. आणि पाचव्या घरावर माझं बोट थांबलं.

वरून मी मोजलंच नव्हतं.

शर्ट तसाच हातात घेऊन मी टेबलाशी गेले आणि प्लॅन उघडला. शेवटची बरगडी धरली. एक, दोन, तीन, चार. चौथा मणका माझ्या खुणेच्या साफ बाहेर. खूण त्याच्या खालच्यावर होती. परत मोजलं. वरून पाच. मग खाली गेले, तर तिथे तो होताच, अर्धवट, ना धड सुटा ना धड जोडलेला, काल मी कागदावर काढून दाखवला होता अगदी तसा. एमआरआयवाल्यांनी त्याला मणका धरला नव्हता. मी सीटीवर धरला. त्यांचा चौथा तो माझा तिसरा. मी त्यांचं चित्र एक घर खाली ठेवलं आणि ते छान बसलं.

मशीनने तर काही सांगितलंच नसतं. टेबलावर घेतल्यावर ते रुग्णाला प्लॅनशी जुळवतं, आणि प्लॅनशी ते अगदी बरोबर जुळलं असतं. पाचही डोस निरोगी मणक्यावर गेले असते. डाग तिथेच वाढत राहिला असता, आणि बाईंचे पाय.

मशीनवाल्याला फोन केला. "बाईंना टेबलावर घेऊ नकोस. आज नाही." मागे वळले तर दारात गुणाची, हातात फाइल. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

ती काकांच्या खुर्चीत मटकन बसली. म्हणाली, "अकरापर्यंत थांबणार होते, ताई. मग वर जाणारच होते. खरंच जाणार होते."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

तिने माझ्या हातातला शर्ट घेतला आणि घडी घालत बसली.

वर मी स्वतः गेले. मोठ्या डॉक्टरांनी फॉर्म बघितला. "दोन्ही ओळी तुमच्याच?"

"माझ्याच."

इतक्या वर्षांत मला त्यांच्यासमोर कधी बसायला सांगावं लागलं नव्हतं. आज सांगेपर्यंत मी उभीच होते. गुणाची माझ्या मागे आली होती. ती म्हणाली, "सर, पण चूक ताईंनीच पकडली. उपचाराच्या आधी."

"नशीब," डॉक्टर मला म्हणाले. "वेळेत तुमच्या लक्षात आलं. अहवाल लिहा."

मी मान हलवली. चूक धरल्याचं श्रेय तिने मला दिलं आणि मी ते मुकाट्याने घेतलं.

घरी येऊन बॅगेतून चष्मा काढताना डबी हाताला लागली. उघडली. आत एकच चिठ्ठी, चार घड्यांची. 'वरून: पाच. शुक्रवार, २२ मार्च. ताई, एकदा बघाल का?'

शुक्रवारी टाकली होती. मी उघडेन म्हणून वाट बघत होती, आणि मी डबी उचलून बॅगेत भरली.

२७ मार्च, बुधवार

चुकीच्या अहवालाचा छापील फॉर्म असतो. काय झालं, का झालं, रुग्णाला इजा झाली का. हे सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. दोन्ही सह्या मी का केल्या, त्याला 'घाई' लिहिलं. मग ते खोडून 'सहकाऱ्याने तपासू नये अशी इच्छा होती' लिहिलं.

सातव्या रकान्याशी अडकले. 'चूक प्रथम कोणाच्या लक्षात आली, आणि केव्हा.'

माझं नाव लिहिलं तर कोण विचारणार? तिने स्वतः डॉक्टरांसमोर सांगितलंय. चिठ्ठी फक्त मी बघितली आहे. आणि मी मोजलं हे खोटं नाही, मंगळवारी मी मोजलंच. चार दिवसांचा तर फरक. माझं नाव लिहिलं तर बावीस वर्षांच्या नोकरीत एक चूक आणि ती मीच सुधारलेली. तिचं लिहिलं तर पुढच्या बैठकीत पुन्हा डोळ्यांत तेल, दोनदा. ते वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय आणि आत्ताच जळतंय. बाईंचे पाय जाता जाता वाचले आणि मी अजून याच्यावरच जळते. काय म्हणावं मला.

रकाना रिकामा ठेवला. ह्यांनी पर्समधली चिठ्ठी बघितली. "कोणाची?" मी म्हटलं, "तिची." वाचली आणि परत घडी घालून जागेवर ठेवली. "ताई लिहिलंय," एवढंच म्हणाले.

२८ मार्च, गुरुवार

सकाळी डबी काकांच्या टेबलावर परत ठेवली. शिवणवाल्या बाईंचं फ्यूजन नव्याने केलं. तिने वरून मोजलं, मी खालून, तो अर्धा मणका सोडून. दोन चिठ्ठ्या, दोन घड्या. एकदम उघडल्या. चार, चार. तरी मी म्हटलं, "आता जागा बदल." मग मी वरून आणि तिने खालून. तेव्हाही चार.

दुपारी पहिला डोस झाला. टेबलावरून उठताना बाईंनी विचारलं, "परवा का परत पाठवलंत? मशीन बिघडलं होतं का?"

गुणाची माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही. माझी चूक झाली होती मोजताना. एक मणका खाली धरला होता."

बाई माझ्याकडे वळल्या. भीती वाटली असणार, वाटायलाच हवी. मग चपला शोधत म्हणाल्या, "उसवून परत लावलंत ना?"

"हो."

"वरून मोजलंत?"

"दोघींनी."

"मग ठीक आहे," म्हणाल्या, आणि उद्याची वेळ विचारून गेल्या.

चारला अहवाल द्यायचा होता. पावणेचारला सातव्या रकान्यात तिचं खरं नाव लिहिलं, या वहीत कधीच लिहिलं नाही ते, पूर्ण. तारीख २२ मार्च. पुरावा म्हणून चिठ्ठी जोडायची तर तिच्या घड्या सपाट कराव्या लागल्या. टेबलावर ठेवून अंगठ्याने दाबून दाबून सपाट केली, आणि स्टेपलर मारण्याआधी एकदा शेवटची वाचली.

मेलीचं अक्षरसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं आहे.